नाकाबंदीत वॉरंट नसताना गाडीची झडती घेता येते का?

कळव्याची_सुगरण:
आम्ही नवराबायको छोटं केटरिंग करतो, शनिवारी ऐरोलीला हळदीची ऑर्डर होती ती आटपून रात्री साडेबाराला इको घेऊन परत येताना नाकाबंदी लागली. लायसन्स आरसी डिजिलॉकरवर दाखवली, चालली. मग म्हणाले मागचं दार उघडा. टॉर्च मारून सगळे टोप बघितले, उरलेल्या रश्शात डाव फिरवून बघितला आणि मग माझी पर्स मागितली तेव्हा माझं डोकंच फिरलं. वॉरंट आहे का विचारलं तर म्हणे नाकाबंदीला लागत नाही. उद्धट नाही बोलले, पाच मिनिटांत सोडलं. पण असं चालतं का? आठवड्यातून तीनदा रात्री याच रस्त्याने येतो आम्ही.

वकील_ठाणे:
ताई, वॉरंट प्रत्येक वेळी लागतं असं नाही, पण वाटेल तशी झडती घेता येते असंही नाही. लायसन्स मागायला वर्दी पुरते, डिकी उपसायला मात्र संशयाचं काहीतरी कारण हवं. एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू आहे आणि वॉरंट आणेपर्यंत माल निसटेल असं वाटलं तर बीएनएसएस, म्हणजे पोलीस तपासाच्या नव्या कायद्याच्या कलम 185 खाली झडती घेता येते, पण कारण आधी लिहून ठेवायचं, झडतीचा व्हिडिओ काढायचा आणि त्या नोंदीची कॉपी 48 तासांत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. 1 जुलै 2024 पासून व्हिडिओ कायद्यातच आलाय. चोरीचा वाटणारा माल दिसला तर कलम 106 खाली जप्त करता येतो. ड्रग्जचा संशय असेल तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 42, तिथे शिपाई चालत नाही, वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो. अंगझडती बाईची बाईनेच घ्यायची. पर्सचं जरा वेगळं आहे, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये एनडीपीएसच्या कलम 50, म्हणजे अंगझडतीच्या नियमाबद्दल बॅगेची झडती म्हणजे अंगझडती नाही असं म्हटलंय. तरी तुम्ही महिला पोलीस बोलवा म्हणू शकता, म्हणाच.

घोडबंदर_टूरिस्ट:
मी बारा वर्षं गाडी चालवतोय, माझा अनुभव सांगतो. आतला लाइट लावायचा, हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि शांतपणे विचारायचं, साहेब कशाचा संशय आहे? अर्धे लोक इथेच आवाज चढवतात आणि स्वतःच फसतात. वकील मॅडम, झडती बेकायदेशीर असेल तर केस उडते ना?

वकील_ठाणे:
नाही हो दादा, हाच मोठा गैरसमज आहे. पूरणमल निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा, डिसेंबर 1973 चा, झडती चुकीची झाली म्हणून सापडलेला माल आपोआप पुराव्यातून बाद होत नाही. एनडीपीएसमध्ये कोर्ट जास्त कडक बघतं, कलम 42 अजिबात पाळलं नाही तर आरोपी सुटलेत. पण रस्त्यावर धक्काबुक्की करू नका, सरकारी कामात अडथळा म्हणून बीएनएस, म्हणजे नव्या दंडसंहितेचं कलम 221 लागेल, मारहाण झाली तर 132. हरकत तोंडी नोंदवा, अधिकाऱ्याच्या छातीवरची नेमप्लेट वाचा, वेळ लिहून ठेवा. काही जप्त केलं तर दोन पंच आणि यादीची कॉपी मागा, ती दिलीच पाहिजे.

कळव्याची_सुगरण:
थँक्यू मॅडम. पर्स मी दिली नव्हती, मागे एक महिला होमगार्ड उभी होती, ती म्हणाली राहू दे. व्हिडिओ कोणीच काढत नव्हतं. पुढच्या वेळी आधी तेच विचारणार.