एकाला शांतता हवी, मग बाकीच्या पन्नास जणांनी काय करायचं?

कर्वेनगरची आई (धागा सुरू)
आमच्या शाळेच्या पालकसभेत सातवीच्या एका वर्गावरून जोरदार वाद झाला. वर्गात एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. गोंगाट वाढला की तो कानांवर हात दाबून धरतो, कधी ओरडतो, कधी दाराबाहेर पळतो. म्हणून शाळेने मधल्या सुट्टीनंतरचा तास शांत ठेवायचं ठरवलं. त्या तासाला गटकाम नाही आणि धड्याचं मोठ्याने वाचनही नाही. लगेच आवाज उठले, "एकासाठी सगळ्यांचं नुकसान का?"

माझा मुलगा याच वर्गात आहे आणि त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला फार जड जातं. धडा कुणीतरी मोठ्याने वाचला तरच तो त्याच्या डोक्यात शिरतो. म्हणजे या शांत तासाचा सर्वात जास्त तोटा माझ्याच घरात आहे. तरीही त्या मुलाला वर्गातून हलवा, या मागणीवर मी सही केली नाही. हे भांडण एक विरुद्ध पन्नास असं नाहीच. त्या पन्नासांत माझ्या मुलासारखी कितीतरी असतील. पन्नासच्या वर मुलं आणि त्यांना एकच शिक्षिका, खरा प्रश्न हा आहे. दुसरं माणूस वर्गात असेल, तर एका कोपऱ्यात वाचन आणि दुसऱ्या कोपऱ्यात शांतता, दोन्ही होईल. तुम्हाला काय वाटतं?

हडपसरचा बाबा
ताई, तुमचं मन मोठं आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या मुलीला वर्गातल्या एका मुलाने कंपासपेटी फेकून मारली. भुवईवर टाके पडले. शाळेत गेलो तर उत्तर मिळालं, "तो विशेष गरजांचा आहे, समजून घ्या." समजून घेतलं. पुढे काय? त्याला कशामुळे त्रास झाला, पुन्हा होऊ नये म्हणून काय ठरलं, ते विचारलं की गोपनीयता. त्याच्या आजाराचा कागद मला नकोच आहे. माझी मुलगी उद्या कुठे बसणार, एवढं तरी सांगा! तिची सुरक्षितता ही काही सवलत नाही. अशा मुलांसाठी विशेष शाळा आहेत, तिथे प्रशिक्षित माणसं असतात. तिथे पाठवण्यात त्या मुलाचंही भलंच आहे.

सातवीची बाई
हडपसरचे दादा, तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. शाळेने तुम्हाला उत्तर द्यायलाच हवं होतं. पण वर्गात उभी असते ती मी. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, माझ्या पटावर त्याहून कितीतरी जास्त नावं आहेत. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी आणि वह्या, शिवाय निवडणूक आली की मतदार यादीचं काम. स्वमग्न मुलाला कसं शिकवायचं हे मला बी.एड.ला कुणी नीट शिकवलं नाही. जे जमतं ते करते. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून फळ्याशेजारी लावते, घंटा व्हायच्या आधी त्याला खूण करते, दाराजवळचा बाक त्याला दिलाय. या तीन गोष्टींनी त्याचं ओरडणं खूप कमी झालं आणि इतर कुणाचं काही गेलं नाही. चित्रांचं वेळापत्रक तर अर्धा वर्ग बघतो. पण शांत तासाचा निर्णय मला न विचारता झाला आणि तो मला पटलेला नाही.

अंधशाळेचा माजी विद्यार्थी
विशेष शाळा म्हणजे मुलाला बाजूला टाकणं, असंही कुणी समजू नये. मी कोरेगाव पार्कच्या अंधशाळेत ब्रेल शिकलो, काठी घेऊन चालायला शिकलो. ब्रेल न येणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात पहिलीपासून बसलो असतो तर नुसता ऐकत राहिलो असतो. पुढे अकरावीला साध्या कॉलेजात गेलो आणि टिकलो, ते त्या पायावर. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार 6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेता येतं. निवड त्या घराची. दादा, "तिथे पाठवा" हे शेजारच्या बाकावरच्या पालकांनी ठरवायचं नाही.

विशेष शिक्षिका, पुणे
याच कायद्याने मान्यताप्राप्त शाळांवर सोयी करून देण्याची जबाबदारी टाकली आहे. मात्र संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये, हेही त्यात आहे. संस्थाचालक नेमकं तेवढंच वाक्य पाठ करतात. विशेष गरजांच्या मुलांसाठी प्राथमिकला 10 मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण केंद्राने ठरवलेलं आहे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ही पदं मंजूर करून भरायला सांगितलं. तुमच्या शाळेत असं पद आहे का, हे पालकसभेत कुणी विचारलं?

आणखी एक बोलायलाच हवं. सवलत मिळते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर. त्यासाठी ससून रुग्णालयात खेटे घालायचे, तपासण्या करायच्या. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आईला एवढ्या सुट्ट्या कोण देतं? तिचं मूल वर्गात "ढ" ठरतं आणि आपण त्याला "इतर मुलं" यात मोजतो. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हे सगळं ज्यांना कागद जमवता आला त्यांना. मला या मुलांची जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्या बाजूने सभेत कुणी बोलतच नाही.

कर्वेनगरची आई
बाई, तुम्हाला न विचारता तास ठरला असेल तर तो बदलायला हवा. विशेष शिक्षकाच्या पदाची मागणी मी लेखी देते आहे. दादा, तुम्हीही तुमच्या शाळेत द्या ना.

हडपसरचा बाबा
देतो. निवड त्या घराची, हेही मान्य. पण माझ्या अर्जात पहिली ओळ वेगळी असेल. वर्गात कुणालाही इजा झाली तर दोन्ही पालकांना त्याच दिवशी बोलवायचं आणि पुढे काय करणार ते लिहून द्यायचं. विशेष शिक्षक येईपर्यंत वर्षं जातील, माझी मुलगी सोमवारी वर्गात बसणार आहे.

सातवीची बाई
ही ओळ माझ्याही शाळेला लागू करा. त्या मुलाच्या आईलाही हेच हवंय. तिला तर प्रत्येक वेळी फक्त तक्रार ऐकायला बोलावतात.