मदत हवी आहे: आंजर्ल्यात पक्षी आणि फुलपाखरं, एकच दिवस

पायवाट: येत्या शनिवारी आईला घेऊन आंजर्ल्याला जातोय. मागच्या खेपेला दोन तास पुळणीवर बसलो, कावळ्यांशिवाय काही दिसलं नाही. तिला पक्षी आणि फुलपाखरं दोन्ही बघायचीत. कुठे बसायचं, किती वाजता? लवकर सांगा, खोली ठरवायचीय.

खाडीकाठ: मागची खेप कधी? भरती होती की ओहोटी?

पायवाट: त्याने काय फरक पडतो? अकरा ते एक बसलो होतो.

दर्यावर्दी: शेजारचं हर्णै बंदर गाठा. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला ब्राह्मणी घारी डोक्यावरून झेपावतात. आंजर्ल्यात वेळ घालवू नका.

पाऊलखुणा: कासवांची पिल्लं सोडतात ते नक्की बघा!

खाडीकाठ: त्यांनी कासवांचं विचारलेलं नाही. आणि दर्यावर्दी, लिलावाच्या गर्दीत आईंना कुठे उभं करणार? पायवाट, तारीख सांगा हो.

पायवाट: हनुमान जयंतीची सुट्टी होती.

खाडीकाठ: म्हणजे पौर्णिमा! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: पंधराची सव्वाअकरा. तुम्ही बसलात तेव्हा भरती टिपेला होती, चिखल सगळा पाण्याखाली. चिखलात किडे टिपणारे चिखल्या, तुतवार हे पक्षी खाणार काय? शनिवारी अष्टमीच्या आसपास, म्हणजे भरती सहाला. साडेसातला पुळण सोडून खाडीच्या काठावर बसा, पाणी उतरत असेल. कुरव पक्षी आता बहुतेक उत्तरेकडे गेले. पण समुद्री बगळा बारमाही. राखी-काळा, घशावर पांढरा डाग, पाय काळपट आणि पंजे पिवळसर. उथळ पाण्यात पंख अर्धे उघडून धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. शेजारी पांढरा दिसला तर तोही समुद्री बगळा असू शकतो, एकाच जातीचे दोन रंग.

दर्यावर्दी: पाऊणपटीत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीचं कोष्टक बघा. आणि समुद्री गरुड हवा असेल तर सुरूच्या झाडांच्या शेंड्यांवर नजर ठेवा.

सुपारीवाली: फुलपाखरांचं कुणी बोलेना! उन्हाळ्यात ओल असेल तिथे ती येतात. नारळी-पोफळीच्या वाडीत शिंपण कधी असतं ते विचारा. पाटाच्या ओल्या मातीवर निलवंत सोंड टेकून बसतो, मातीतले क्षार शोषत. २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. लिंबाची, पपनसाची पानंही बघा. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. बांडगूळ असलेल्या आंब्याभोवती हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू फिरताना दिसेल. नऊ ते अकरा वेळ चांगली. आईंना चालवतं का?

पायवाट: हे आधीच सांगायला हवं होतं. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. आणि गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कित्येक वर्षांनी तिला लांबचं स्वच्छ दिसतंय, म्हणून एवढी घाई.

सुपारीवाली: मग वाडीतलीच खोली घ्या, ओट्यावर खुर्ची टाकली की झालं. पाण्यावरची तिरीप डोळ्यांवर येते, डॉक्टरांना विचारून काळा चष्मा घ्या.

पायवाट: आत्ताच फोन केला. वाडीतली खोली मिळाली, शिंपण नऊला असतं म्हणाले. ओट्यासमोर पपनसाचं झाड आहे.

पाऊलखुणा: कासवांचं पण विचारलंत का?