घोरणं आणि कान, दोन्ही एकदमच दाखवा
वरती एका ताईंनी विचारलंय की पाच वर्षांचा मुलगा रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो आणि हल्ली टीव्हीचा आवाज फार वाढवतो, तर आधी नाकाचं बघावं की कानाचं. अहो, दोन्ही एकच भानगड असू शकते. नाकाच्या मागे ॲडिनॉइडची गाठ असते, ३ ते ७ वर्षांच्या आसपास ती सगळ्यात मोठी असते, आणि तिच्या शेजारीच कानाकडे जाणारी नळी उघडते, त्यात लहान मुलांची ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी. गाठ वाढली की नाक अडून पोर घोरतं, आणि ही नळीही नीट चालत नाही, मग कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. बऱ्याचदा दुखत वगैरे नाही, नुसतं कमी ऐकू येतं आणि घरचे म्हणतात कार्टं लक्षच देत नाही.

ऑडिओमेट्रीबरोबर (म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी) टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडद्याची तपासणी, करून घ्या. कानात छोटं बोंडासारखं टोक घालून हवेचा दाब बदलतात, दोन मिनिटांचं काम, कागदावर डोंगरासारखा आलेख यायच्या ऐवजी सपाट रेघ आली की पाण्याचा संशय. लगेच ऑपरेशन नाही, बहुतेकदा ३ महिने थांबून परत तपासतात कारण बरंचसं आपोआप जातं. पण झोपेत श्वास मध्येच अडकत असेल आणि मग दचकून घेत असेल तर मात्र थांबू नका, मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, ओपीडीत टक्क जागं पोर बघून त्यांना काय कळणार!

आणि कानात कोमट तेल घालायला सुचवणाऱ्यांनो, पाणी पडद्याच्या आत असतं हो, तेल बाहेरच राहणार. वर पडद्याला भोक असलं तर नसती आफत.