मदत हवी आहे: हिचे व्हॉइस मेसेज कायमचे कसे जपून ठेवू?

नमस्कार मंडळी, बायको गेल्या मार्चमध्ये गेली. २६ वर्षं एकाच शाळेत शिकवलं आम्ही, ती गणित मी मराठी, स्टाफरूममध्ये डबापण एकच. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध, तेव्हा तिच्या विद्यार्थ्यांना तिचा आवाज ऐकवायचाय. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे शेकडो व्हॉइस मेसेज आहेत (निम्मे "येताना कोथिंबीर आणा", तेही हवेतच!) एक्स्पोर्ट चॅट केलं तर फाइली ओपस फॉरमॅटमध्ये आल्या आणि मीडियासकट शेवटचे १०,०००च मेसेज जातात, मग त्याआधीचे कसे काढायचे? ओपसचं एमपी३ करायला फुकटातलं काही आहे का? तिचं सिम अजून रिचार्ज करतोय, ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होतो ना. मुलगा म्हणतो कशाला बाबा, पण मला नाही जमत ते.