पॅप टेस्टबद्दल
कुणीतरी लिहिलंय, पुरुषाशी संबंध नसेल तर पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, लागत नाही. असं सांगणारी डॉक्टर सरळ बदला! गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याने होतो तो एचपीव्ही विषाणू लैंगिक संबंधातल्या त्वचेच्या स्पर्शातून पसरतो, बाईकडून बाईलाही. जागतिक आरोग्य संघटना सरसकट सगळ्या बायकांना 30 व्या वर्षापासून गर्भाशयमुखाची तपासणी करायला सांगते.

आमच्या इंदूरात राजवाड्याकडच्या दवाखान्यात आईच्या भिशीतली काकू हमखास भेटते, त्यात रिसेप्शनवरून मोठ्यांदा प्रश्न, 'मॅरीड की अनमॅरीड?' म्हणून मी विजयनगरची डॉक्टर धरली. तिने दार लावून विचारलं, 'जोडीदार पुरुष की स्त्री?' उत्तर ऐकून तिचं पेनही थांबलं नाही. स्पेक्युलम (तपासणीसाठी योनीत घालायचं उपकरण) आपणहून लहान घेतला. मला एवढंच हवं होतं.

आणि समलैंगिकता 'बरी' करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरची राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा. 2022 पासून नॅशनल मेडिकल कमिशनच्या, म्हणजे देशातल्या डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या, लेखी ते व्यावसायिक गैरवर्तन आहे.