पुण्याला पुन्हा आयपीएल संघ हवाच कशाला?

मावळकर :
काल इथे एकाने लिहिलं, "पुण्याला संघाची गरजच नाही. आपला ऋतुराज गायकवाड चेन्नईच्या संघात आहे, त्यांचा पिवळा टीशर्ट घाला आणि खूश राहा." वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. २०१८ ला कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर आले, तेव्हा तिकडच्या प्रेक्षकांना आणायला खास रेल्वे सोडली होती. मैदान आपलं आणि घरचा संघ दुसऱ्याचा! त्याच्या आदल्या वर्षीच आपला रायझिंग पुणे सुपरजायंट संघ मुंबईविरुद्धचा अंतिम सामना एका धावेने हरला होता. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, मुंबईच्या जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर आपल्या तिवारीने चौकार मारला आणि पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि स्मिथ दोघेही गेले. मी आजही ते षटक बघू शकत नाही. त्याच मोसमात १० लाखांत घेतलेल्या आपल्या राहुल त्रिपाठीने ३९१ धावा काढल्या. घरचा संघ नसता तर त्याला सलामीला कोणी पाठवलं असतं?

शनिवारपेठी :
घरचा कसला? मालक कोलकात्याचे, कप्तान स्मिथ, सगळ्यात महागडा स्टोक्स, १४.५ कोटींचा. चेन्नई-राजस्थानवर बंदी होती तेवढ्या दोन वर्षांपुरती ती सोय होती, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याआधीचा संघ पुणे वॉरियर्स आठवा. २०११ ला घरचे सामने नेरुळला, २०१२ ला गुणतक्त्यात तळाला, २०१३ ला बेंगळुरूच्या गेलने आपल्याविरुद्ध एकट्याने नाबाद १७५ कुटल्या, आणि शेवटी मालक सहाराचं नि क्रिकेट बोर्डाचं पैशांवरून फाटलं. दोनदा पोळलो, तेवढं पुरे.

लातूरचा :
तुम्ही दोघेही २०१६ चा दुष्काळ गाळून पुढे गेलात. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी येत होतं. टँकरचा हॉर्न वाजला की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावायची, कारण पिंपात पाइप टाकायला आधी जागा धरावी लागायची. आणि टीव्हीवर हिरवंगार मैदान. शेवटी उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या.

मावळकर :
नेले की विशाखापट्टणमला! त्याने लातूरला किती घागरी जास्त मिळाल्या? मैदानाला सांडपाणी शुद्ध करून वापरू म्हणत होते, ते कोणी ऐकलं नाही. उसाला किती पाणी जातं ते बोला ना. क्रिकेट सापडलं म्हणून झोडपलं.

लातूरचा :
घागरींचा हिशोब तुम्ही मागू नका. उसावर आम्ही गावात भांडतो, भावकीत तोंडं वाकडी झालीत त्यापायी. पण माणूस तहानलेला असताना शेजाऱ्याने अंगणात पाइप सोडून ठेवू नये, मग ते पाणी कुठलंही असो. एवढी लाज हवीच.

शनिवारपेठी :
लातूरच्या भाऊंशी सहमत. तुम्ही त्यांच्यावर घसरायला नको होतं.

पॉइंटवरचा :
पाण्यावरून धागा पेटलाय, पण कोणी एमपीएलचं, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीगचं, नाव घेईना. २०२३ पासून तिथे आपलीच पोरं खेळतायत. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने नाशिककडून पुण्याच्या 'पुणेरी बाप्पा' संघाविरुद्ध शतक ठोकलं आणि आयपीएलच्या पुढच्या लिलावात लखनौने त्याला उचललं. बाप्पाचा कप्तान सांगवीचा ऋतुराज. पहिली दोन्ही विजेतेपदं रत्नागिरीने नेली. पोरांना वाट मिळतेय, मग आयपीएलचा हट्ट कशाला?

मावळकर :
वाट मिळते, हे मान्य. पण वाट जाते लखनौला, चेन्नईला. माझ्या भाच्याच्या खोलीत पुण्याचं एकही पोस्टर नाही, हे मला खटकतं आणि खटकत राहणार. दहा वर्षांचा करार आणि अकरात निदान तीन महाराष्ट्राचे, अशा अटींवर संघ आणा. आणि हो, उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की सामने बाहेर, ही अटसुद्धा घाला. लातूरकरांसाठी.

लातूरचा :
आमच्यासाठी नको, करारात घाला. मग मी विरोध करणार नाही. टाळ्याही वाजवणार नाही.

शनिवारपेठी :
असा करार करणारा मालक दाखवा, पहिलं तिकीट मी काढतो.