शब्दचर्चा : सुमोतल्या ‘हेया’ला तालीम म्हणावं का?

प्रश्न

सुमोवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. रिकिशीला पैलवान, ओयाकाताला वस्ताद आणि हेयाला तालीम असे शब्द घेतले आहेत. अडलंय ते ‘सेकितोरी’पाशी. ‘वरच्या दर्जाचा पैलवान’ म्हटलं तर चालेल का? आणि काही ठिकाणी ‘हेया’, तर काही ठिकाणी ‘बेया’ असं का दिसतं?

उत्तर

बेयाचं सोपं आहे. हेया म्हणजे मुळात खोली. जपानीत दोन शब्द जोडले की दुसऱ्याचा पहिला वर्ण पुष्कळदा मृदू होतो. म्हणून सुटा शब्द ‘हेया’, पण नावाला जोडून ‘इसेगाहामा-बेया’. व्यावसायिक सुमोला ‘ओझुमो’ म्हणतात तेही याच रीतीने. तुम्ही सगळीकडे हेयाच लिहा, वाचकाचा गोंधळ होणार नाही.

पैलवान आणि वस्ताद मला पटले. तालीम मात्र अर्धीच बसते. आपल्याकडे वस्तादाशी बिनसलं तर पोरगं वळकटी उचलून दुसरी तालीम धरू शकतं. सुमोत ती वाट नाही. ज्या हेयात नाव लागलं तिथेच कारकीर्द संपवायची. हेया बंद पडली, दुसरीत विलीन झाली किंवा तिथल्या एखाद्या ओयाकाताने वेगळी हेया काढून आपले शिष्य सोबत नेले तरच बदल. एका हेयातले दोघे स्पर्धेत एकमेकांशी भिडत नाहीत, अजिंक्यपदासाठी बरोबरी झाली तर तेवढ्या निर्णायक लढतीचा अपवाद. ओयाकाता या शब्दात ‘ओया’ म्हणजे आईबाप. त्याच्या बायकोला ओकामिसान म्हणतात आणि पोरांचं दुखणंखुपणं, त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे सगळं बहुधा तीच बघते. मी असतो तर मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘राहती तालीम’ असं लिहिलं असतं.

आता सेकितोरी. ‘वरच्या दर्जाचा’ म्हणणं फार मिळमिळीत होईल, कारण या एका शब्दावर माणसाचं अख्खं जगणं पालटतं. ओझुमोत सहा श्रेण्या आहेत. सर्वांत वर माकुउची, तिथे 42 जागा; तिच्याखाली जुर्यो, तिथे 28. या सत्तर जणांनाच सेकितोरी म्हणायचं, यांच्याच नावाच्या शेवटी मानाने ‘-झेकी’ लावायचं. एकूण पैलवान सहाशेच्या आसपास. बाकीच्यांना महिन्याचा पगारच नाही, स्पर्धेगणिक भत्ता तेवढा मिळतो.

हेयातली एक सकाळ पाहा. खालच्या श्रेणीची पोरं पहाटे उठून उपाशीपोटी मातीत उतरतात. शिको म्हणजे पाय उंच उचलून जमिनीवर आपटणं, तेप्पो म्हणजे खांबावर तळहातांचे तडाखे. त्यांच्या कमरेला काळी सुती मावाशी, आणि लढतीलाही तीच. सेकितोरी उशिरा येतो, सरावाला पांढरी मावाशी नेसतो, लढतीला रेशमी. आंघोळ आधी त्याची, पंगतही आधी त्याची. ज्यांनी स्वयंपाक केला ती पोरं वाढायला उभी राहतात आणि शेवटी जेवतात. सेकितोरीला स्वतंत्र खोली मिळते, दिमतीला त्सुकेबितो म्हणजे सेवेकरी पोरं मिळतात. सर्वांत खालच्या दोन श्रेण्यांतलं पोर भर हिवाळ्यात बाहेर पडलं तरी अंगावर पातळ युकाता आणि पायात लाकडी गेता.

म्हणूनच ‘काचिकोशी’चं भाषांतर नुसतं ‘विजय’ करू नका. स्पर्धा पंधरा दिवसांची. सेकितोरी रोज लढतो, बाकीचे सातच लढती खेळतात. पंधरात आठ किंवा सातात चार जिंकल्या की काचिकोशी, त्याहून कमी तर माकेकोशी. जुर्योच्या तळाशी असलेला पैलवान शेवटच्या दिवशी 7-7 वर उभा असतो तेव्हा त्या एका लढतीवर त्याचा पगार आणि खोली दोन्ही लागलेली असतात. हरला तर परत सामाईक दालनात गादी अंथरायची. ‘पारडं जड होणं’ हा मला सुचलेला त्यातल्या त्यात जवळचा अर्थ. सेकितोरी मात्र सेकितोरीच राहू द्या आणि ‘पगारी पैलवान’ असा खुलासा एकदा द्या.

आणखी एक प्रश्न

चांको म्हणजे ते भांड्यात शिजवलेलं मटण-भाज्यांचं कालवणच ना? आणि ‘कावाइगारी’ला शब्दकोशात ‘लाड’ दिलंय, पण संदर्भ तर मारझोडीचा दिसतो.

उत्तर

कालवण म्हणजे चांको-नाबे. नुसतं चांको म्हणजे हेयात पैलवानांनी रांधलेलं काहीही. स्पर्धेच्या दिवसांत मात्र कोंबडी पसंत करतात, कारण ती दोन पायांवर उभी असते. चार पायांचं जनावर म्हणजे हात टेकलेला पैलवान, आणि हात टेकला की हार. मुरलेल्या पैलवानाबद्दल ‘त्याच्या अंगात चांकोची चव भिनली’ असं म्हणतात. हा वाक्प्रचार लेखात जसाच्या तसा ठेवा, मराठीत सुरेख उतरतो.

कावाइगारीबद्दल काळजी घ्या. बुत्सुकारी-गेइको नावाचा सराव असतो. ज्येष्ठ आपली छाती पुढे करतो आणि कनिष्ठाने त्याला रेटत रिंगणापार न्यायचं, पडला की उठून पुन्हा. ज्येष्ठाने ‘छाती उसनी दिली’ असं याला म्हणतात आणि घेणारा ते उपकारच मानतो. हाच सराव अंगातलं त्राण संपल्यावरही चालू ठेवला की त्याला कौतुकाने कावाइगारी म्हणायचे. 2007 साली एका हेयात सतरा वर्षांचा नवशिका मारहाणीत गेला. ओयाकाताला तुरुंगवास झाला. त्यानंतर या शब्दाला लाड किंवा शिस्त म्हणणं मला अजिबात मान्य नाही. मूळ शब्द द्या आणि शेजारी ‘सरावाच्या नावाखाली छळ’ असं स्पष्ट लिहा.

भर

यादीत ‘इसामिआशी’ही असू द्या. प्रतिस्पर्ध्याला कडेपर्यंत रेटत नेलेलं असतं, जिंकल्यातच जमा, आणि त्या भरात स्वतःचाच पाय आधी रिंगणाबाहेर पडतो. डावांच्या अधिकृत यादीत 82 डाव आहेत, हा त्यांत धरत नाहीत. आपल्याच चुकीने हरण्याचे पाच प्रकार वेगळे मानतात, त्यांतला हा एक. रोजच्या जपानीतही हा शब्द चालतो. एखाद्या मंत्र्याने निर्णय व्हायच्या आधीच घोषणा करून टाकली की ती इसामिआशी. ‘घाई’ म्हटलं तर त्यातला जोर जातो. ‘आवेशात पाऊल पुढे पडणं’ हे मैदानातही चालेल आणि मंत्रालयातही.